पट्टी लिहिणारा हात

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखक मिरजेचे असून त्यांचे वय २९ आहे. वडील लहानपणीच वारले. त्यानंतर चाचांनी त्यांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला सांभाळले आणि शिकवले. बी.कॉम. झाल्यापासून गेली चार वर्षे ते चाचांच्या सांगलीतील अडत दुकानात हिशेब पाहतात. हळदीच्या हंगामात या दुकानात पोत्यामागे बारदानाचे वजन वजा केल्यानंतर आणखी एक किलो ‘तूट’ कापली जाते. ती शेतकऱ्याला सांगितली जात नाही. खरेदीदाराचे बिल पूर्ण वजनाचे होते, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) कमी वजनाची होते आणि मधला फरक दुकानात राहतो. चाचा हाजी आहेत आणि मशिदीच्या कमिटीवरही आहेत. गेल्या महिन्यात जुम्याच्या खुतब्यात (शुक्रवारच्या नमाजच्या प्रवचनात) इमामसाहेबांनी सांगितले की, वाईट दिसले तर ते हाताने बदला, ते जमले नाही तर जिभेने, आणि तेही जमले नाही तर मनाने त्याचा धिक्कार करा. तेव्हापासून या वाचकांना झोप लागत नाही. एक मित्र म्हणतो, व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाक. पण तसे केले तर आपण कृतघ्न ठरू आणि ‘बघा, हाजी असून’ असे म्हणायला लोकांना निमित्त मिळेल, अशी त्यांना भीती वाटते. ते लिहितात : “पट्ट्या मीच लिहितो, पण मनातून मला हे वाईटच वाटते. तेवढे पुरे नाही का? निदान घरात तरी मी चुकीला विरोध करतो. बहीण रात्री उशिरापर्यंत मैत्रिणींशी बोलत बसते म्हणून मी तिचा मोबाइल काढून घेतला आहे.”

भाऊ, समोर चाललेली चूक पाहून गप्प बसणारा माणूस दोषी ठरतो का, असे तुम्ही विचारले आहे. असे विचारताना तुम्ही स्वतःला बाजूला उभ्या राहून पाहणाऱ्याच्या जागी ठेवले आहे आणि मग त्याने हाताने, जिभेने की मनाने विरोध करावा, याचा विचार करता आहात. पण ‘पट्ट्या मीच लिहितो’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात आणि माझ्या मते सगळे पत्र त्याच वाक्यात आहे. काट्यावर जे वजन दिसले ते शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या कागदावर एक किलोने उतरते, ते तुमच्या पेनातून. त्यामुळे ‘हाताने बदला’ हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर चाचांचा हात धरण्याचे, दुकानात तमाशा करण्याचे जे चित्र उभे राहिले असेल, ते क्षणभर बाजूला ठेवा. या प्रकरणात जो हात सर्वांत आधी थांबायला हवा तो तुमचा आहे, आणि तो थांबवण्यासाठी तुम्हाला कोणाशीही भांडावे लागत नाही.

हे मी माझ्या मनचे सांगत नाही. व्याजाविषयीची हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनाची नोंद, तुम्ही ऐकली असेल. त्यात प्रेषितांनी (स.) व्याज खाणाऱ्याबरोबर ते देणाऱ्याला, त्याचा कागद लिहिणाऱ्याला आणि साक्षीदारांनाही दोषात धरले आहे आणि ते सर्व सारखेच, असे म्हटले आहे. तिथला विषय व्याजाचा आहे, तुमचा मापाचा. परंतु लिहिणारा माणूस व्यवहाराबाहेर उभा असतो, ही आपल्या मनाची समजूत त्या एका शब्दाने मोडीत निघते. मालक सांगतो आणि आपण फक्त लिहितो, असे म्हणणारे कारकून, मुनीम आणि हिशेबनीस आपल्या जिल्ह्यात हजारोंनी असतील. त्यांच्या पोटापाण्याची अडचण मला कळते, पण म्हणून लिहिणाऱ्याच्या हाताला शाई लागलेली नाही, असे मला म्हणता येत नाही.

आता इमामसाहेबांनी खुतब्यात सांगितलेल्या हदीसविषयी. ती ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात अबू सईद अल-खुदरी (रजि.) यांच्याकडून आलेली आहे आणि ती कोणत्या प्रसंगी सांगितली गेली, हे खुतब्यात बहुधा सांगायचे राहून जाते. ईदचा दिवस होता. त्या काळी सत्तेवर असलेल्या मरवानने नमाजच्या आधी खुतबा द्यायला सुरुवात केली. तेव्हा समुदायातून एक माणूस उठला आणि म्हणाला, नमाज खुतब्याच्या आधी असते. मरवानने उत्तर दिले की ती पद्धत आता सोडून दिली आहे. त्यावर अबू सईद म्हणाले, या माणसाने आपल्यावरचे कर्तव्य पार पाडले, आणि मग त्यांनी हात, जीभ आणि मन यांविषयीचे प्रेषितांचे शब्द सांगितले. त्या माणसाने केले काय, तर एक वाक्य उच्चारले. मरवान बधला नाही, पण त्या माणसाच्या खात्यावर त्याचे कर्तव्य पूर्ण म्हणून जमा झाले. तुमच्या बोलण्याने चाचा सुधारतील की नाही, याची हमी तुमच्याकडे कोणी मागितलेली नाही, एवढे जरी या प्रसंगातून घेतलेत तरी तुमच्या छातीवरचा निम्मा दगड उतरेल, असे मला वाटते.

‘मनातून वाईट वाटते, तेवढे पुरे नाही का?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच हदीसच्या शेवटी आहे : मनाने धिक्कार हा श्रद्धेचा सर्वांत दुबळा टप्पा आहे. ज्याच्यापाशी हात नाही आणि ज्याला तोंड उघडता येत नाही, त्याच्यासाठी ठेवलेली ती सवलत आहे. बोलल्याने त्याहून मोठा अनर्थ होणार असेल तर थांबावे, असेही जाणकारांनी सांगून ठेवले आहे. तुमच्या बाबतीत बोलल्याने काय होईल? चाचा रागावतील, चाची आठवडाभर जेवायला नीट वाढणार नाहीत आणि कदाचित नोकरी जाईल. हे लहान नाही, मी त्याला लहान म्हणणार नाही. पण जीभ असताना मनाच्या कोपऱ्यात जाऊन बसण्याइतके ते मोठेही नाही.

चूक खरोखर चूक आहे की नाही, याविषयी तुमच्या मनात शंका दिसत नाही, तरीही ती किती मोठी आहे ते एकदा नीट पाहू या. कुरआनची ८३ वी सूरह (अध्याय) मापात लबाडी करणाऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना मोजून कमी देणारे, असे त्यांचे वर्णन तिच्या पहिल्या तीन आयतींत (वचनांत) आहे. पूर्ण वजनाचे बिल आणि कापलेल्या वजनाची पट्टी, हे दोन कागद तुमच्या टेबलावर एकमेकांशेजारी पडलेले असतात. त्या वर्णनाचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही. मदयनच्या लोकांकडे आलेले प्रेषित शुऐब (अलै.) यांनी एका अल्लाहची भक्ती करा म्हटल्यानंतर लगेच काय सांगितले, तर माप आणि वजन कमी करू नका. प्रेषितांनी (स.) स्वतः एकदा बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालून पाहिला. आतले धान्य ओले लागले, तेव्हा व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. त्यावर ते म्हणाले, मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. जो फसवतो तो आमच्यातला नाही. पुढे इस्लामी शहरांमध्ये ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी नेमला जाऊ लागला. वाईटाला अटकाव करण्याचे हे कर्तव्य शासनाच्या वतीने पार पाडणारा तो माणूस, आणि त्याच्या नित्याच्या कामांत बाजारातली मापे तपासणे हे ठळक काम असे. सांगायचे एवढेच की, या कर्तव्याची आठवण जिथे सर्वांत आधी व्हायला हवी ती जागा वजनकाटा आहे.

पैशांत बोलायचे तर तुम्हीच आकडे दिले आहेत. ४० पोती आणणाऱ्या शेतकऱ्याचे ४० किलो जातात, आणि किलोला १५० रुपये दर धरला तर ६,००० रुपये होतात. हळद मे-जूनमध्ये लागते आणि जवळपास नऊ महिने शेतात राहते. मग ती काढायची, शिजवायची, अंगणात पसरून वाळवायची, पॉलिश करायची. त्या वाळवणावर सकाळ-संध्याकाळ हात फिरवणाऱ्या बाईच्या तळव्यांचा रंग आठवडेच्या आठवडे जात नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या नावामागे हे तळवे आहेत. आणि हा व्यापार मुळातच विश्वासावर उभा राहिलेला आहे. हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या त्या कोठारांमध्ये, हळद महिनोन्‌महिने डोळ्यांआड पडून असे आणि माणसाच्या हातात असे तो शब्द आणि चिठ्ठी. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे गेली. चिठ्ठीवरचा विश्वास मात्र महापुराने जात नाही, तो एकेका किलोने जातो.

माझे अब्बा कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या आठवडी बाजारात किराणा विकत. गिऱ्हाईक समोर आले की ते आधी रिकामा तराजू उचलून धरत, दोन्ही पारडी थरथरून स्थिर होईपर्यंत थांबत आणि काटा मध्ये आल्याचे समोरच्याला दिसले की मगच माप टाकत. पासंग, म्हणजे दोन पारड्यांत फरक, नाही हे दाखवायची ती रीत होती. पन्नास गिऱ्हाइके आली तर पन्नास वेळा. मी लहानपणी कंटाळून म्हणायचे, अब्बा, सकाळी एकदा दाखवलेत की. ते म्हणायचे, सकाळचे गिऱ्हाईक वेगळे होते. मला वाटते, तुम्हाला तुमच्या दुकानात करायचे आहे ते याहून फार वेगळे नाही.

बहिणीविषयी मला जरा स्पष्ट बोलावे लागणार आहे. एकाच हदीसचे तुम्ही घरात दोन भाग केले आहेत : बहिणीसाठी हात आणि चाचांसाठी मन. जिच्यावर आपला जोर चालतो तिच्याबाबत सर्वांत वरची पायरी, आणि ज्यांच्यापुढे आपली मान खाली जाते त्यांच्याबाबत सर्वांत खालची. असे करणारे तुम्ही एकटे नाही. आपल्या मोहल्ल्यांत या कर्तव्याच्या नावाखाली जे चालते त्यातले पुष्कळसे मुलींच्या कपड्यांवर आणि मोबाइलवरच खर्च होते, आणि वारसाहक्काच्या वाटणीत बहिणीचा हिस्सा गिळणाऱ्या भावाला कोणी दारात उभे राहून विचारत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. मैत्रिणींशी बोलण्यात कोणाचा हक्क मारला गेला? जागरणाची काळजी असेल तर ती काळजीच्या स्वरात बोलून दाखवता येते. कुरआनने (४९:१२) एकमेकांच्या पाळतीवर राहू नका असे सांगितले आहे. इमाम गझालींनी, जे ११११ साली वारले, ‘इह्या उलूमिद्दीन’ या आपल्या ग्रंथात या कर्तव्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. त्यात चूक उघड दिसणारी असावी, शोधून काढलेली नसावी, ही अट ते घालतात आणि खलिफा उमर (रजि.) यांची गोष्ट सांगतात. उमर एका घराची भिंत चढून आत गेले आणि आतल्या माणसाला पाप करताना पकडले. तो म्हणाला, मी एक आज्ञा मोडली, तुम्ही तीन मोडल्यात : पाळत ठेवलीत, दाराने आला नाहीत आणि सलाम न करता घरात शिरलात. उमरनी त्याला सोडून दिले. कुरआनच्या ९:७१ मध्ये तर श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया एकमेकांचे साथी असून दोघेही भल्याची आज्ञा करतात आणि वाईटापासून रोखतात, असे म्हटले आहे. म्हणजे तुमच्या बहिणीलाही तुम्हाला विचारण्याचा हक्क आहे, की भाईजान, त्या पट्टीवर तुम्ही काय लिहिता? मोबाइल तिला परत द्या, आणि देताना तिच्याशी हे सगळे बोला. या घरात तुम्हाला एका साथीदाराची गरज आहे.

आता चाचा. ‘कृतघ्न’ हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिला आहे. पोरक्या मुलांना ज्याने वाढवले त्याचे ऋण खरेच मोठे आहे, आणि चुलता हा बापाच्या जागी, असे हदीसमध्येही आहे. पण ऋण फेडायचे म्हणजे त्याच्या चुकीवर पांघरूण घालायचे, हे कोणी ठरवले? कुरआन ४:१३५ मध्ये न्यायावर ठाम राहा, साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध किंवा नातेवाइकांविरुद्ध जात असली तरीही, असे स्पष्ट शब्द आहेत. तुझ्या भावाला मदत कर, तो जुलमी असो की पीडित, असे प्रेषित म्हणाले तेव्हा सोबत्यांनी विचारले, जुलमी असेल तर मदत कशी? उत्तर आले : त्याला जुलमापासून रोख, हीच त्याची मदत. चाचांनी तुम्हाला वाढवले, त्याच्या बदल्यात तुम्ही त्यांना देऊ शकाल अशी ही मोठी वस्तू आहे, आणि ती त्यांच्या दुकानातला दुसरा कोणीही देऊ शकणार नाही.

देण्याची रीत मात्र महत्त्वाची आहे. बापाच्या चुकीबाबत मुलाने कुठवर जावे, याचा गझालींनी वेगळा विचार केला आहे : चूक लक्षात आणून देणे आणि मऊपणे समजावणे, या दोन पायऱ्या मुलाच्या, कठोर शब्द आणि धमकी त्याच्या नाहीत. इब्राहीम (अलै.) आपल्या वडिलांना समजावतात त्या आयतींत (१९:४२ पासून) दर वाक्याच्या आरंभी ‘अब्बाजान’ अशी हाक आहे, सलग चार वेळा. फिरऔनकडे, म्हणजे इजिप्तच्या जुलमी राजाकडे, निघालेल्या प्रेषित मूसा आणि हारून यांनाही नरमाईने बोला असेच सांगितले गेले. तुमचे चाचा काही फिरऔन नाहीत.

म्हणून दुकानात, हमालांसमोर किंवा जुम्याहून परतताना चारचौघांत हा विषय काढू नका. घरी, रात्रीच्या जेवणानंतर, ते एकटे असताना बसा. सोबत कागद न्या, पण भाषण नेऊ नका. ‘चाचा, पट्टी लिहिताना माझा हात चालत नाही’ असे स्वतःपासून सुरू करा, कारण ते खरे आहे. मग त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. ते सांगतील की हळदीत ओल असते, माल पडून राहिला की वजन घटते, सगळेच धरतात. ओलीने घट येते, हे खोटे नाही. परंतु घट धरायची असेल तर ती सौद्याच्या वेळी शेतकऱ्याला सांगून, पट्टीवर वेगळ्या रकान्यात लिहून धरता येते, आणि तिचा पैसा खरेदीदाराच्या बिलातून पुन्हा वसूल होत असेल तर ती घट उरतच नाही. हे दोन मुद्दे आकड्यांनिशी त्यांच्यापुढे ठेवा. एका बैठकीत ते मान्य करतील असे समजू नका. त्यांचा आदर ज्यांच्याविषयी आहे असे घरातले किंवा नात्यातले एखादे वडीलधारे माणूस असेल तर दुसऱ्या वेळी त्यांना बरोबर घ्या.

दरम्यान तुमच्या हाताचे काय? मी तुमच्या जागी असते तर त्यांना सांगितले असते की, पुढच्या सौद्यापासून मी काट्यावर दिसेल तेवढेच वजन लिहीन आणि तुम्हाला ते चालणार नसेल तर पट्ट्या दुसऱ्याकडे द्या. त्यांनी खरेच दुसऱ्याकडे दिल्या, तर तुमचा स्वतःचा सहभाग तेवढा थांबला. पण चोरी चालूच आहे आणि तुम्हाला ती ठाऊक आहे, त्यामुळे तुमचे काम तिथे संपत नाही. दुसरी नोकरी आजपासूनच पाहू लागा. हिशेब येणाऱ्या माणसाला सांगली-मिरजेत काम मिळते, जरी पहिले काही महिने ओढाताण झाली तरी. खोट्या कागदांवर तुमची सही असेल तर एखाद्या वकिलांना शांतपणे विचारून ठेवणेही शहाणपणाचे होईल.

मित्राने सुचवलेला व्हिडिओ मला पसंत नाही, आणि त्याचे कारण चाचांची अब्रू एवढेच नाही. व्हिडिओने शेतकऱ्याचे ४० किलो परत येत नाहीत. तो चार दिवस फिरतो, त्यावर आपल्या समाजाला शिव्या दिल्या जातात, आणि काटा आहे तिथेच राहतो. तुमची ही भीती मी खोटी म्हणत नाही. एका माणसाच्या चुकीचा हिशेब सगळ्या जमातीकडून मागितला जातो, हे आपण रोज पाहतो. तरीही त्या भीतीने एखाद्याचे देणे बुडत नाही. ‘मुसलमानाच्या दोषावर परदा टाका’ ही शिकवण माणसाच्या खासगी दोषासाठी आहे. दुसऱ्याच्या घरातून गेलेल्या पैशांवर तो परदा टाकता येत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने उघड बोलण्याची मुभा कुरआनच ४:१४८ मध्ये देते. सर्व सांगूनही चाचांनी ऐकले नाही, तर योग्य दार बाजार समितीचे आहे. अडत्याला परवाना तिच्याकडून मिळतो आणि शेतकऱ्याची तक्रारही तिथेच ऐकली जाते. काटाच खोटा असता तर वैधमापनशास्त्र विभागाकडे जायचे असते. तुमच्याकडे काटा खरा आहे, कागद खोटा आहे. तक्रारीच्या आधी चाचांना सांगा की मी आता तिथे जाणार आहे. हे मागून केलेल्या वारासारखे त्यांना वाटता कामा नये.

अशीच पत्रे मला इतर वाचकांकडूनही येतात : दवाखान्यातल्या बिलावर न केलेली तपासणी चढवणारी मुलगी, खोटी हजेरी लावणारा मुकादमाचा मुलगा. त्यांना मी एवढेच विचारीन की, वाईट थांबवायला कुठे जाऊ असे विचारण्याआधी, त्यातला कोणता भाग माझ्या हातून होतो, हे कागदावर लिहून काढलेत का?

शेवटचे, आणि हे तुम्ही विचारलेले नाही. माणसांचे हक्क, हुकूकुल इबाद, केवळ तौबा (पश्चात्ताप) करून माफ होत नाहीत. ज्याचे त्याला परत द्यावे लागते किंवा त्याच्याकडून माफी घ्यावी लागते. चाचांच्या हजने ते सुटलेले नाहीत आणि तुमच्या झोप न लागण्यानेही सुटणार नाहीत. मात्र तुमच्या बाबतीत ते परत देणे शक्य आहे, कारण पट्टीबुकाच्या कार्बन प्रतीत प्रत्येक शेतकऱ्याचे नाव, गाव, पोती आणि तारीख आहे. हंगाम संपला की ही बुके रद्दीत जातात, असे तुम्ही लिहिले आहे. या वर्षी ती जाऊ देऊ नका. गेल्या चार वर्षांतली जेवढी सापडतील तेवढी एका पेटीत भरून घरी आणा, बहिणीला शेजारी बसवा आणि नावे उतरवून काढायला सुरुवात करा. चाचांशी बोलायला बसाल तेव्हा ती यादी तुमच्या हातात असू द्या.